वास माझा नव्हता

नाक मुरडायचं असेल तर आधीच मुरडून घ्या, मी थांबतो. झालं? मग ऐका. मी व्हॅक्यूम क्लीनर बोलतोय. लाल रंगाचा, गोल पोटाचा, लांब नळीचा आणि, सांगायला लाज कसली, कामाला पक्का.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी मोटर बसवली, कुणी चाकं लावली. शेवटी एका बाईंनी मला सुरू करून कान देऊन ऐकलं. "आवाज खणखणीत आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शाबासकीवर मी आजवर जगतोय.

मी आलो ते घर शिवणाचं. आई पुढच्या खोलीत पडदे, अभ्रे, फ्रॉक शिवते. संध्याकाळपर्यंत जमिनीवर चिंध्या, दोरे आणि तुसं यांचा सडा पडलेला असतो. घरात माझ्याआधीपासून एक झाडू होता. 'बघू किती दिवस टिकतोस' असा त्याचा एकंदर आविर्भाव. मी पहिल्याच दिवशी शिलाई मशीनच्या पायाखालची सगळी तुसं गिळली, वर एक बटणही गिळलं. झाडू मुकाट्याने दाराआड गेला.

मला चालवायचं काम मुलीकडे. ती कधी आली, कधी गेली, कुणाला कळत नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. गिऱ्हाईक दिसलं की ती आतल्या खोलीत पसार. दर शनिवारी येणारी मावशी तर तोंडावरच म्हणते, "मुंगीच्या तोंडात निदान साखरेचा दाणा तरी असतो. हिच्या तोंडात शब्दसुद्धा नाही!"

मावशीला काय माहीत! मी घरघरायला लागलो की मुंगी गाते. मोकळ्या गळ्याने, मान हलवत, नळीच्या दांड्यावर बोटांनी ताल धरून गाते. माझ्या आवाजाच्या आडोशाला तिचा आवाज बाहेर पडतो. बटण बंद झालं की गाणंही बंद. घरात हे फक्त मला ठाऊक होतं आणि ते मी पोटात ठेवलं होतं. पोटात ठेवणं हेच तर माझं काम!

मग माझ्यातून वास येऊ लागला. कुबट, ओल्या पायपुसण्यासारखा. मी सुरू झालो की घरभर पसरायचा.

"याच्या पोटात उंदीर मेलाय की काय?" बाबा म्हणाले.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. वास आला की तो कुठून आला हे ती शोधत नाहीत, त्यावर दुसरा वास टाकतात. आईने गुपचूप जमिनीवर सुगंधी पावडर शिंपडली आणि मला ओढायला लावली. मावशीने कुणाचं लक्ष नाही असं पाहून अत्तराचा बोळा माझ्या पोटात सरकवला. बाबांनी माझा फिल्टर नळाखाली धुतला, पण तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, म्हणून तसाच ओला बसवून टाकला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. परिणाम असा झाला, की पूर्वी मला एकच वास होता, आता चार झाले.

त्यातच शाळेच्या मुख्याध्यापिका पडदे घेऊन परत आल्या. सभागृहाच्या रंगमंचासाठी त्यांनी ते आईकडून शिवून घेतले होते.

"शिवण सुरेख आहे हो, पण कापडाला कुबट वास येतोय. असे पडदे कसे लावू?"

आईचा चेहरा उतरला. पडदे ठेवून त्या गेल्यावर तिने मला कोपऱ्यात ढकललं. "पुरे झालं. याच्या वासापायी माझं नाव खराब होतंय. उद्या भंगारवाला येईल, त्याला देऊन टाकू."

मी घाबरलो नाही. माझी मोटर ठणठणीत होती, मला माझी खात्री होती. पण दारात उभ्या मुंगीचा चेहरा पाहिला आणि वाटलं, मी गेलो तर ही कुणाच्या आडोशाला गाणार?

दुपारी तिने मला गच्चीत नेऊन उघडलं. एकेक भाग काढायचा, नाकाशी धरायचा आणि बाजूला ठेवायचा. ब्रशला फक्त धुळीचा वास होता. नळीला थोडा कुबट. फिल्टरला जास्त. पिशवी उघडली आणि तिने तोंडच फिरवलं. आत चिंध्यांचा ओलसर गोळा झाला होता. त्यावर पावडरीचा चिखल, आणि मधोमध मावशीचा बोळा! मुंगीने त्यातली एक चिंधी बोटांनी पिळून पाहिली. मग उठून पुढच्या खोलीत गेली आणि आईचं काम बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात आला. आईने माझा दांडा धरला.

"थांब, आई! चोर सोडून संन्याशाला फाशी देतेयस!"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. आवाज मुंगीचा होता आणि मी तर बंद होतो.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "ही बोलते!" ती आदल्या दिवशी मुक्कामाला राहिली होती.

"वास याचा नाहीये," मुंगीचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. "आपणच याला ओलं खायला घालतो. आई, तू पाणी मारून इस्त्री करतेस आणि मग जास्तीचं कापड कापतेस. त्या ओल्या चिंध्या मी लगेच याच्याने ओढते. त्या आत कुजतात."

"म्हणजे माझ्या इस्त्रीमुळे?"

"पाणी मार, पण त्या चिंध्या झाडूने गोळा करू. राहिलेली कोरडी तुसं याला देऊ. पिशवी रोज रिकामी करू. आणि बाबा, फिल्टर खडखडीत वाळल्याशिवाय बसवायचा नसतो."

बाबांनी घसा खाकरला. "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ते पुटपुटले. "आणि डॉक्टर आम्हीच."

"आतमध्ये एक अत्तराचा बोळाही सापडला."

मावशी एकदम छताचा पंखा निरखू लागली.

"मग नेऊ की नको?" भंगारवाल्याने विचारलं.

आईने मुलीकडे पाहिलं. "आठवडाभराने या. तेव्हाही वास आला तर न्या."

आठवडाभराने तो आला आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन गेला. माझी पिशवी धुऊन कडक उन्हात वाळली होती, नळी आतून पुसून झाली होती, फिल्टर कोरडा ठणठणीत होता. धुतलेल्या पडद्यांत मुख्याध्यापिकांनी नाक खुपसून पाहिलं आणि वर खिडक्यांच्या पडद्यांचं कामही आईलाच दिलं. झाडूला इस्त्रीच्या टेबलाखालचा मुलूख परत मिळाला. आता आमचं बरं चाललंय.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर एवढंच सांगतो. त्याला वास येऊ लागला तर अत्तर शिंपडू नका. त्याला उघडा आणि तुम्ही त्याला काय खायला घातलंय ते बघा.

आणि मुंगी? परवा ती माझं बटण दाबायलाच विसरली. खोलीभर मला ढकलत होती आणि गात होती. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. कुणीही तिला सांगितलं नाही, की मी बंद आहे.

त्या दिवशी केर होता तिथेच राहिला. आणि मी, कामाला पक्का, चाकांवर मुकाट फिरत राहिलो.