दोष काचेचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुने, काचेचे विलगकारी नरसाळे आहे. श्रीनगरच्या एका प्रयोगशाळेत लोखंडी कड्यात टांगलेला असतो. आणि मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म अंबाल्याचा. एका कारागिराने भट्टीपाशी गाल फुगवून मला फुंकले, पोटाला नासपतीचा आकार दिला, वर बूच आणि खाली तोटी बसवली. काम ऐकायला सोपे. माझ्या पोटात पाणी घ्यायचे, त्यात थोडे द्रावक ओतायचे, बूच लावून मला खूप हलवायचे. पाण्यात कर्करोग करणारे विष कणभर जरी लपले असले, तरी ते पाणी सोडून द्रावकात शिरते. मग दोन थर वेगळे होतात. तोटी उघडून खालचे पाणी सोडून द्यायचे आणि वरचा थर यंत्राला द्यायचा. यंत्र विष ओळखते आणि कागदावर त्याचा डोंगर काढते. पाहुणे येतात ते यंत्राशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय!

मला जपले ते एकट्या मसरतबाईंनी. त्या इथल्या रसायनतज्ज्ञ. धुरावलेली मासळी, वाळवलेली वांगी, झऱ्यांचे पाणी, काय काय त्यांनी माझ्याकडून तपासून घेतले, आणि दर वेळी मला स्वतःच्या हाताने धुतले.

एका हिवाळ्यात हरनाग गावची हफीजा त्यांच्याकडे आली.

"बाईसाहेब, आमच्या झऱ्याला पेट्रोलचा वास येतोय. वर पंप आहे, त्याचीच टाकी झिरपतेय. नणंद माझी रक्ताच्या कर्करोगानं गेली. आता पोरगी तेच पाणी पितेय. गावात दुसरं पाणीच नाही, मी करू काय?"

नमुना आणायला कचेरीतले कादिरकाका गेले. चिल्लई कलानची, म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या चाळीस दिवसांची थंडी, नळसुद्धा गोठलेले. बाटली गोठून तडकेल या धास्तीने काकांनी ती फेरनच्या, म्हणजे ढगळ लोकरी अंगरख्याच्या आत, निखाऱ्यांच्या कांगडीला चिकटवून धरली. इथे थंडीत जे जपायचे ते कांगडीपाशीच ठेवतात, मग ते लेकरू असो की अंडी.

"बघ मसरत जान, अजून कोमट आहे!" काका कौतुकाने म्हणाले. "पोटच्या पोरासारखी आणलीय."

मसरतबाईंचा चेहराच उतरला. पेट्रोलमधले हे विष उबेने उडून जाते. बाटली काठोकाठ भरून बर्फात आणायची असते.

"काका, तुम्ही हिला शेकलंत हो! पुन्हा आणायला हवं."

प्रयोगशाळेच्या साहेबांना मात्र घाई. "आणलंय ना पाणी? मग तपासा. पंपवाले हाजीसाहेब सकाळपासून फोन करतायत."

तपासले. विष केव्हाच काकांच्या फेरनमध्ये उडून गेले होते. यंत्राने सपाट रेघ ओढली आणि साहेबांनी लगोलग कळवून टाकले, पाणी शुद्ध आहे. त्या दिवशी पंपावर सगळ्यांना कपभर गरम कहवा पाजला म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय, ना मस्तक.

हफीजा बर्फ तुडवत पुन्हा आली. "माझं नाक खोटं आणि तुमची काच खरी?" ती साहेबांवर कडाडली. "या ना घरी, आमच्या झऱ्याच्या पाण्याचा खारा नून चहा पाजते. प्या, आणि मग म्हणा शुद्ध!"

मसरतबाईंनी नवी बाटली घासायला घेतली. त्याच संध्याकाळपासून हिमवर्षाव सुरू झाला आणि हरनागचा रस्ता बंद पडला. रस्ता उघडला त्या दिवशी बाई स्वतः तिथे गेल्या. आत बुडबुडाही न राहू देता बाटली भरली, बर्फाच्या बादलीत रोवून आणली आणि माझ्या पोटात ओतली. या वेळी यंत्राचा डोंगर कागदावर मावेना.

साहेब काय म्हणाले असतील? "ते जुनं भांडं आहे. मागचं काहीतरी आत चिकटलं असणार. टाका ते भंगारात. पहिलाच निकाल धरा."

नाचता येईना, अंगण वाकडे! मला घाणेरडा म्हणता? अहो, मला रोज धुणारे हात तुमच्या हातांपेक्षा स्वच्छ आहेत!

मसरतबाईंनी हफीजाला बोलावून घेतले. तिच्यासमोर आणि साहेबांसमोर माझ्यात शुद्ध पाणी ओतले. तेच द्रावक, तसेच हलवणे. वरचा थर यंत्राला दिला. रेघ आली ती सपाट.

"भांड्यात काही नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "जे आहे ते झऱ्यात आहे."

"आता बोला की," हफीजा म्हणाली. साहेबांनी नव्या निकालावर सही केली.

झऱ्याभोवती कुंपण घातले गेले, गावात टँकर आला, पंपाची टाकी उकरली गेली. कादिरकाका आता नमुने आणायला जातात तेव्हा कांगडी घरी ठेवतात आणि कुडकुडत परततात. त्यांच्यावर माझा राग नाही. माहीत असून घाई करणाऱ्यांवर आहे.

मित्रांनो, भांडी घासून ठेवा, नमुना जपून आणा. आणि कोणी पाणी शुद्ध आहे म्हणाले, तर ते कसे आणले, कसे तपासले, हे बेधडक विचारा. कारण पहिल्या निकालापासून रस्ता उघडेपर्यंत हफीजाची पोरगी तेच पाणी पीत होती.

मागे ती आईबरोबर इथे आली होती. माझ्या फुगीर काचेत स्वतःचे वाकडे तोंड बघून खुदखुदली. मला मात्र हसू आले नाही.