डोळ्यांदेखत काढलेलं दूध

सासरे अन्न निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले असले की घरात दूध घेणं हीसुद्धा शिक्षा होते, हे प्रमोदिनीला सांगलीत नांदायला आल्यावर कळलं. अनंतरावांनी सातारा-सांगलीत जन्मभर दुधातलं पाणी पकडलं. त्यामुळे त्यांना पिशवीचं दूध चालत नसे, डेअरीचं चालत नसे, आणि रतीब घालणाऱ्याला तर ते दारातच लॅक्टोमीटर दाखवून घाबरवून सोडत. विश्वास एकट्या गुंडा गवळ्यावर. तो रोज सकाळी चौकात म्हशी उभ्या करायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा.

ते दूध घरी आलं की प्रमोदिनी चांगली उकळी फुटेपर्यंत तापवायची. त्यावरूनही कटकट. "अगं, सगळं सत्त्व जाळलंस!" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तरी तिची पाच वर्षांची लेक वल्लरी महिनाभर तापाने हैराण होती. ताप चढायचा, दरदरून घाम फुटून उतरायचा, पुन्हा चढायचा. गुडघे दुखतात म्हणून पोर जिना चढेना. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. शेवटी मुलांच्या डॉक्टर श्रद्धाताईंनी रक्ताची वेगळी तपासणी केली आणि विचारलं, "हिला कच्चं दूध कोण पाजतं?"

"आमच्याकडे? शक्यच नाही," प्रमोदिनी ठसक्यात म्हणाली.

"मी पिते ना," वल्लरी म्हणाली. "आजोबांबरोबर, गुंडाकाकांकडे. फेसाच्या मिशा येतात."

प्रमोदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरे शेजारीच बसले होते. "अप्पा, रोज देवळात म्हणून नेत होतात ना हिला?"

"देवळातही जात होतो. आणि धारोष्ण दूध ते! पाण्याचा थेंब नसतो त्यात."

"पाणी असतं तर परवडलं असतं!"

जनावराला रोग असेल तर तो धारेतूनच येतो, दूध तापवलं की जंतू मरतात, असं श्रद्धाताईंनी समजावलं. औषध सहा आठवडे, एक दिवसही चुकवायचं नाही.

त्या संध्याकाळी अप्पा नातीचे गुडघे दाबत बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. प्रमोदिनीला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. कारण पुढे ते म्हणाले, "आता गुंडाचा धंदाच बंद पाडतो. कायदा आहे."

"अहो, नुसतं लोकांना सांगा की तापवून प्या!"

"तोंडी सांगून कोण ऐकतं?"

झालं. अप्पांनी ओळखीच्या निरीक्षकाला धाडून नमुना घ्यायला लावला. प्रयोगशाळेने मोठ्या सवडीने फॅट मोजलं, बाकीचा घन अंश मोजला. दोन्ही भरपूर, म्हणजे दूध पास. जंतू बघायचे असं त्या तपासणीत नव्हतंच. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नाही, याचं काय करावं! प्रमोदिनीला स्वतःचेच केस उपटावेसे वाटले.

औषध संपलं तेव्हा वल्लरी खडखडीत बरी झाली. तिला डॉक्टरांना दाखवून तिघं परत येत होते, तर चौकात ही गर्दी! म्हशीच्या गळ्यात पाटी होती : 'सरकारी तपासणीत पास'.

"आवं सायेब, तुमचं लय उपकार!" गुंडाने लांबूनच हात जोडले. "तुमी मानूस धाडला म्हून नाव झालं. आता पार कुंडल गावची मान्सं बी पोरं घिऊन येत्यात."

"गुंडा, हे तापवून द्यायला..." अप्पा सांगू लागले.

"तापवायचं कशाला? पास हाय की!"

पुढे उभ्या बाईच्या कडेवर वर्षभराचं मूल होतं, हातात फेसाने भरलेला ग्लास.

"नका पाजू त्याला!" प्रमोदिनी ओरडली. "माझी मुलगी यानेच आजारी पडली होती!"

बाई दचकली. तिने प्रमोदिनीकडे संशयाने पाहिलं आणि अप्पांकडे वळली. "तुम्हीच ना ते तपासणीवाले साहेब? मग तुम्हीच सांगा, दूध शुद्ध आहे ना?"

अप्पांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"शुद्ध आहे," ते म्हणाले, "पण..."

पुढचं ऐकायला बाई थांबली नाही. तिने ग्लास बाळाच्या ओठांना लावला.