भिंतीवरची जमीन

"नकाशेकाका, पाय उचला! भिंतीवर उभे आहात तुम्ही!"

काका टुणकन बाजूला झाले. खड्ड्याच्या अर्ध्या भागात वरची चोपलेली जमीन बाईंनी खरवडून काढली होती, आणि तिच्याखालून दगडांची एक ओळ डोकं वर काढत होती.

"ही भिंत कालपर्यंत नव्हती हो," काका म्हणाले.

"होती. झाकलेली होती." उत्खननाच्या प्रमुख बाई ढोपरांवर बसून ब्रशने माती झटकत होत्या. "इकडे या, गंमत दाखवते."

टेकडीच्या उतारावर सातशे वर्षांपूर्वीचं एक खेडं निघत होतं. देऊळ नाही, किल्ला नाही. नुसती घरं, गोठे, धान्याची पेवं. सोनं सापडलं का, असं विचारणारे लोक दोन खापरं बघून जांभई देत परत जात. काकांना मात्र इथे करमे. कानामागे पेन्सिल खोचून, शीळ घालत ते एकेक दगड आलेखाच्या कागदावर उतरवून घेत. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

"हे एक घर," बाई म्हणाल्या. "मग कधीतरी मधोमध भिंत घातली. भिंतीच्या इकडे एक चूल, तिकडे एक चूल."

"भाऊ असणार," काका पटकन म्हणाले.

"असतीलही. पुढे ऐका. काही वर्षांनी भिंत पाडली. दोन्ही चुली मातीने बुजवल्या. वरून सगळीकडे एकच जमीन केली, आणि ही बघा, मधोमध नवी चूल. चांगली ऐसपैस."

काका बघतच राहिले. कानामागची पेन्सिल खाली पडली, तेही त्यांना कळलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरातही मधोमध भिंत होती. वडील गेल्यावर दोघा भावांचं बिनसलं. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. थोरला, म्हणजे दादा, गवंडी. त्याने एका दिवसात वीट रचून घर दुभागलं. तेव्हापासून भावाभावांत अबोला. बायका मात्र गच्चीवर कपडे वाळत घालताना मनसोक्त बोलायच्या. कालच तिथून बातमी आली होती: दादा-वहिनी येत्या आठवड्यात मुलाकडे निघाले, कायमचे.

संध्याकाळी काकांनी दादाचं दार वाजवलं. दादाने दार उघडलं.

"उद्या मोकळा आहेस?"

"का?"

"एक भिंत दाखवायचीय."

"घरात आहे की एक," दादा म्हणाला. पण दार काही त्याने लावलं नाही. आतून वहिनी ओरडल्या, "मोकळे आहेत! दिवसभर मोकळेच असतात!"

दुसऱ्या दिवशी दादा काकांच्या स्कूटरवर मागे बसून आला. खड्ड्यात उतरल्यावर दादातला गवंडी जागा झाला. त्याने वाकून दगडांवरून हात फिरवला, एक डोळा मिटून ओळ बघितली आणि खो खो हसत सुटला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"अहो, केवढी वाकडी! रागात बांधलीय ही. राग आला की माणूस दोरी धरत नाही."

बाईही हसल्या. "पटतंय मला. पण अहवालात लिहिता नाही यायचं."

"आणि पाडली कोणी? धाकट्याने का थोरल्याने?"

"ते माती सांगत नाही. भाऊ होते की नव्हते, हेसुद्धा नाही. भिंत गेली आणि लोक इथेच राहिले, एवढंच दिसतं."

दादा त्या मोठ्या चुलीपाशी उकिडवा बसला. काका शेजारी जाऊन बसले.

"माझी भिंत सरळ आहे," दादा म्हणाला.

"माहितीये. म्हणून तर इतकी वर्षं पडली नाही."

"पडेल कशी? पाडावी लागेल." दादाने काकांकडे पाहिलं. "मजूर नको. मीच पाडणार. तुला हातोडा धरता येत नाही, तू विटा उचल."

रविवारी घरात असा धुरळा उडाला की चौघंही पांढरीफटक झाली. पहिलं भगदाड पडलं तसं वहिनींनी त्यातून डोकं घालून जावेला हाक मारली, "अगं, तुझा ओटा किती छान आहे!" आणि दोघी हसून हसून खाली बसल्या. काकांच्या हातून एक वीट स्वतःच्याच पायावर पडली. दादाने आधी शिव्या घातल्या, मग काकांचा अंगठा धरून मोडला नाही ना ते पाहिलं.

दुपारपर्यंत भिंत गेली. खाली उरला उघडा पट्टा. अलीकडची फरशी लाल, पलीकडची करडी. दादाने पट्टा सिमेंटने भरला, थापीने गुळगुळीत केला. तो ओला होता, म्हणून मंडळी दोन्ही काठांवर मांडी घालून जेवायला बसली. भांडी पट्ट्यावरून हातोहात इकडून तिकडे जाऊ लागली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. निघताय कधी, विचारत होता.

दादाने भावाने पुढे केलेलं ताट एका हाताने घेतलं.

"कसला निघतोय?" तो फोनमध्ये म्हणाला. "इथलं काम अजून ओलं आहे."