मुक्कामाची माणसं

"रंगूबाई, तुमी नांदेडले चालल्या. नांदेडले. ध्यानात ठेवजा," इंद्रभान पुन्हा पुन्हा सांगत होता आणि पलीकडच्या आळीतली रंगूबाई पुन्हा पुन्हा विचारत होती, नांदेडले कायले?

इंद्रभान रिठदच्या धर्मशाळेचा रखवालदार. झाडायचं, रांजण भरायचे, वाटसरूला शिधा द्यायचा आणि कोपऱ्यातल्या खोलीत बायकोसोबत राहायचं, एवढाच त्याचा संसार. ही धर्मशाळा एका शेठजीनं पुण्यासाठी बांधली, तिची काळजी घ्यायला वाशीमला एक धर्मार्थ फंड नेमला आणि पुण्य वसूल करायला तो वर निघून गेला. फंडाची काळजी म्हणजे दर दिवाळीला चुना. भिंत फुगली, चुना. तुळईला वाळवी लागली, वाळवीलाही चुना. मातीच्या छतावर गवत माजलं ते तेवढं वाचलं, कारण चुना देणारा वर चढायला भीत होता. बकऱ्या भीत नव्हत्या.

पुढे वाशीम-रिसोड मोटार सुरू झाली आणि बैलगाडी सोडून मुक्काम करणारा माणूसच संपला. फंडानं ठरवलं, जिथं कोणी उतरत नाही ती इमारत विकून टाकायची. पाहणीला फंडाचे वकीलसाहेब आज यायचे होते. धर्मशाळा रिकामी दिसली की इंद्रभानचं घर गेलं, पोटही गेलं.

म्हणून त्यानं रामकिसन न्हाव्याला गाठलं. चार माणसं मुक्कामाला घेऊन ये, शिधा भेटंल, म्हणाला. शिध्याचं बोलला तिथंच घात झाला. रामकिसननं एकाच्या दाढीत ऐकलेलं दुसऱ्याच्या हजामतीत सांगितलं आणि दुपारपर्यंत अख्खी आळी गाठोडी बांधून हजर झाली. दोन जावा ओसरीतल्या जागेवरून भांडायला लागल्या. एकानं म्हैस आणली, वाटेत दूध लागते म्हणून. एका सासूला मुक्काम मांडल्यावर आठवलं की घरची चूल पेटतीच आहे. तिनं सुनेला विझवायला पिटाळलं.

"अहो, एवढ्याले कोन खाऊ घालंल?" इंद्रभानची बायको प्रयागबाई म्हणाली.

"गप राय व. मानसं दिसली पायजे."

"दिसून राह्यली ना. पाय ठेवाले जागा नाई."

वकीलसाहेब मोटारीनंच आले. दारात उभे राहिले आणि बघतच राहिले. फंडातली बाकीची मंडळी म्हणत होती, रिठदला कुत्रं उतरत नाही. इथं तर म्हैससुद्धा उतरली होती. साहेबांचा चेहरा खुलला तसा इंद्रभानच्या छातीवरचा धोंडा थोडा हलला.

साहेबांनी समोरच्यालाच विचारलं, कुठून आलात? समोर नेमका रामकिसन.

"रिठदहून," रामकिसन म्हणाला.

"आणि चाललात कुठं?"

"रिठदलेच."

इंद्रभान मधे घुसला. "ते दुसरं रिठद, साहेब. हिंगोलीकडचं. लय दूर हाय."

"हो जी," रामकिसननं मान डोलावली, "थकलो मी."

साहेब पुढे सरकले. रंगूबाईनं न विचारताच नांदेड, नांदेड असं दोनदा सांगितलं. साहेब तिला काही विचारणार, तोच छतावरच्या बकरीला गवताचा चांगला झुपका दिसला असावा. ती धावली. वरून ओंजळभर माती सुटली आणि साहेबांच्या पगडीवर पडली. साहेबांनी वर पाहिलं. चुन्याची पापडी निघाली होती आणि तिच्या आत तुळई नव्हतीच, नुसता भुसा होता.

साहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. सगळ्यांना त्यांनी हळूहळू, धक्का न लावता बाहेर काढलं. म्हशीला शेवटी.

बाहेर आल्यावर ते इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विकायची तर गोष्टच नको आता. एवढी माणसं उतरतात. फंड इथं नवी धर्मशाळा बांधेल. पैसा जमला की."

"लय उपकार झाले, साहेब."

"तोवर मात्र कुलूप. आत कोणी राहायचं नाही."

"मी राखतो ना जी. माही खोली कोपऱ्यात हाय."

"तुम्हीसुद्धा नाही. माणसं मेली तर जबाबदार कोण? आणि कुलूप आहे म्हटल्यावर रखवालदार कशाला?"

इंद्रभानला सांगता आलं असतं, की ही माणसं वाटसरू नाहीत, पलीकडच्या आळीची आहेत. पण मग धर्मशाळा विकली गेली असती. तो खोलीकडे वळला. सामान काढेपर्यंत साहेब थांबले, मग त्यांनी स्वतः कुलूप ओढून पाहिलं आणि गेले. वाटसरू गल्ली ओलांडून आपापल्या मुक्कामी पोचले. रंगूबाई तेवढी शिधा मागून घेऊन गेली.

दिवस कलला तेव्हा दोघं समोरच्या लिंबाखाली बसली होती. दोन बोचकी, एक तवा, एक परात. प्रयागबाईनं तीन दगड मांडून परातीत पीठ काढलं होतं.

रस्त्यानं एक म्हातारं जोडपं आलं. म्हातारी पाय ओढत होती.

"मोटार भरून गेली, बाप्पा," म्हातारा म्हणाला. "इथी धर्मशाळा हाय म्हंतात. जागा भेटंल का?"

इंद्रभाननं दाराकडे पाहिलं. मग उठला, बोचकी बाजूला सारली आणि लिंबाखालची जागा हातानंच साफ करायला लागला.

"भेटंल. बसा."

म्हातारीनं टेकता टेकता विचारलं, "तुमी बी वाटसरूच का?"

इंद्रभान पाला गोळा करत राहिला. प्रयागबाईनं परातीत आणखी दोन मुठी पीठ टाकलं.