हा मोजायचा नाही

आमच्या जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर स्कॅनर मांडला, आणि तेव्हापासून घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवायला लागली. जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस सोन्यासारखा, पण नमनाला घडाभर तेल. आधी हातमोजे, मग ब्रश, मग रबरी फुगा दाबून फिल्मवरची धूळ उडवायची, मग ती पट्टी प्लास्टिकच्या चौकटीत बसवायची, चौकट काचेवर ठेवायची आणि झाकण लावायचं. या स्कॅनरच्या झाकणातही दिवा असतो. फिल्ममधून उजेड आरपार गेला तरच फोटो उतरतो म्हणे. एका पट्टीला इतका वेळ, की तेवढ्यात माझा अख्खा स्वयंपाक उरकायचा.

बाबांनी आयुष्यभर काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह आणि स्लाइड्स माळ्यावर खोक्यांत पडून होत्या. त्या सगळ्या संगणकावर घ्यायच्या होत्याच, पण खरा शोध एकाच फोटोचा होता. आई आणि धाकटी, दोघी एकत्र. आई गेली तेव्हा धाकटी रांगतही नव्हती. अल्बममध्ये मी ढिगानं आहे. आई मात्र सठीसामाशी एखाद्या कोपऱ्यात, तीही पाठमोरी. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. "माझा कशाला? फिल्म वाया जाईल. पोरीचा काढा." आणि धाकटी तर आईजवळ कुठेच नाही.

यावरून धाकटीनं मनाशी एक गाठ मारून ठेवली होती. परवा भांडी पुसता पुसता म्हणाली, "ताई, मी झाले तेव्हा कोणाला हौसच उरली नसेल गं."

"काहीतरीच काय बोलतेस," मी म्हटलं. पण तिला दाखवायला माझ्याकडेही काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

शेवटचा रोल उरला तोवर कोणालाच आशा राहिली नव्हती. जावईबापू आपले शांतपणे फुगा दाबत बसलेले. माझं डोकं फिरलं. "द्या इकडे," म्हणून मी पट्टी हिसकली आणि चौकटीत दाबून बसवायला गेले. कट्कन आवाज झाला. चौकटीची कडी तुटून माझ्या हातात आली.

"ताई, ही चौकट आता मिळत नाही हो," जावईबापू हळूच म्हणाले.

"मग दुसरा काही इलाज करा. एवढं शिकलात ते कशाला?" चूक माझी, आणि वर आवाजही माझाच.

त्यांनी बिचाऱ्यांनी इलाज केला. भिंतीवरच्या तसबिरीची काच काढून धुतली, पट्टी सरळ स्कॅनरवर ठेवली आणि ती हलू नये म्हणून वर ही काच ठेवली. चौकट असली की संगणक आपला आपणच एकेक फोटो कापून दाखवायचा. आता कुठे कापायचं हेच त्याला कळेना, त्यामुळे अख्खी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पडद्यावर आली. पहिल्या फोटोत शाळेच्या गणवेशातली मी. आणि माझ्याही आधी, पट्टीच्या अगदी तोंडाशी, आणखी काहीतरी. अर्धं पांढरंफटक, उरलेल्या अर्ध्यात कोणाचा तरी हात.

"ती जळकी जागा आहे," जावईबापू म्हणाले. "रोल चढवताना तेवढ्या फिल्मला उजेड लागतो. मग एकदोनदा बटण दाबून ती पुढे सरकवतात. तिची प्रिंट कोणी काढत नाही."

"जळक्या जागेला हात असतो का? मोठं करा ते."

त्यांनी मोठं केलं. खाटेवर आई बसली होती. तिचा एक खांदा त्या पांढऱ्यात विरून गेलेला, पण चेहरा शाबूत, आणि ती सरळ आमच्याकडे बघून हसत होती. मांडीवर टकलू धाकटी. धाकटीच्या मुठीत आईची वेणी.

धाकटी ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून आली. पडद्याच्या इतकी जवळ गेली की जावईबापूंना खुर्ची सोडावी लागली. मी बाबांना हाक मारली. बाबा काठी टेकत आले, चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हा आला होय," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"काढल्याचं माहीत होतं. उतरल्याचं नाही. तुझ्या आईला फिल्म वाया गेलेली खपायची नाही. पण रोल चढवल्यावरचं पहिलं बटण तसंही वायाच. मी म्हणायचो, बघ गं इकडे, हा मोजायचा नाही. मग बघायची. हसायचीसुद्धा."

"प्रत्येक रोलला असं करायचात?"

"मग काय, सोडतो की काय."

मी खोक्याकडे धावले. जावईबापूंनी प्रत्येक रोलची पहिली पट्टी शोधली, एकेक करून काचेखाली घातली, आणि या वेळी मी त्यांना एका शब्दानंही घाई केली नाही. काही पट्ट्यांच्या तोंडाशी नुसता पांढरा उजेड होता. पण काहींत आई होती. कपडे झटकताना, सुईत दोरा ओवताना, तोंडात पिन धरून हसू दाबताना. इतकी वर्षं आमच्याच माळ्यावर होती, आणि आम्ही म्हणत होतो, आईचे फोटोच नाहीत. मला रडू आलं. बाबांचे, जावईबापूंच्या त्या फुग्याचे, अगदी तुटक्या कडीचेसुद्धा उपकार वाटले.

"पण माझा हा एकच," धाकटी बाबांना म्हणाली.

"तू झालीस म्हणून तर तो रोल आणला होता गं," बाबा म्हणाले. "सगळाच्या सगळा तुझा काढणार होतो. हा पहिला दाबला आणि तू झोपलीस. तुझी आई म्हणाली, उठवू नका, उद्या काढा. दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला. ती गेल्यावर कॅमेरा हातात धरवेना. तो रोल पुढे कधीतरी ताईच्या शाळेत संपवला."

धाकटीनं बाबांचा हात धरला आणि गालाला लावून ठेवला. बाबांनी तो सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळानं जावईबापू म्हणाले, "प्रिंट काढतो. तेवढा पांढरा भाग कापून टाकू ना?"

"नको," धाकटी म्हणाली. "तो होता म्हणून तर आई हसली."