वरचे डोळे

नाथाजीने घोंगडीच्या खोळीतून पिल्लू काढले आणि शालनच्या पायांपाशी ठेवले. काळे कुळकुळीत. फक्त डोळ्यांच्या वर हरभऱ्याएवढे दोन तांबूस ठिपके.

"चार डोळ्यांचं हाय, वैनी. झोपलं तरी वरचं दोन उघडंच. लांडग्याला वाटतंय, जागं हाय."

म्हसवडचा हा मेंढका दरवर्षी मेंढरं घेऊन तासगावकडच्या मळ्यात यायचा. निघताना तो पुन्हा वळला.

"पर फसायचं ते लांडग्यानं. तुमी लांबनं बघून भरवसा धरू नगा. जवळ जाऊन बघत जावा."

शालन हसली. सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली होती. टाचणीने टोचलेल्या पतंगांच्या पंखांवरचे खोटे डोळे तिने रंगीत पेन्सिलीने वहीत काढले होते, आणि त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले होते.

"तेवढं कळतं मला, नाथाजीमामा."

सुट्टीवर आलेल्या जोतीरामने, तिच्या नवऱ्याने, पिल्लाचे नाव हवालदार ठेवले आणि तो पलटणीत परत गेला.

त्याला दोन वर्षे झाली; मधल्या एका सुट्टीनंतर घरात बाळही आले होते. अठ्ठ्याहत्तरचा मार्च. बेदाण्याचे दिवस होते. सकाळी सासूबाई, अंबूबाई, लिंबाखाली झोळी बांधत होत्या. गाठ मारता मारता त्या थांबल्या.

"डावा हात मुंग्या आल्यागत झालाय गं. उठल्यापासनं."

शालन बाळाच्या मानेवरचे घामोळे बघत होती.

"मग दोरी उजव्या हातानं ओढा, आत्ती."

"ओढते की. जा तू."

बेदाणा वाळवायच्या शेडपासून लिंब चाळीस पावलांवर. बायका द्राक्षांचे घड जाळीवर पसरत होत्या. शालन दोन घड पसरायची आणि मान वर करून बघायची. खोडाला टेकून आत्ती बसलेल्या, हातात दोरी. पायाशी हवालदार. मिरजेला मोतीबिंदू काढल्यापासून आत्तींना जाड भिंगांचा चष्मा होता; जवळून बघितले की त्यामागचे डोळे बशीएवढे दिसायचे.

"किती बघतीस गं सारखी?" शेजारची रहिमतबी म्हणाली. "लेकरू काय उडून जातंय?"

"परवा बांधावर साप निघाला ना, मावशी."

"अगं, राखणीला सासू हाय. चार डोळ्यांचं कुत्रं हाय. आन् हितनं तुझं दोन. पोलीस ठाण्यात बी एवढा पहारा न्हाई!"

सगळ्या हसल्या. शालनही हसली आणि हसता हसता पुन्हा बघितले. हवालदाराचे दोन तांबूस डोळे तिच्याकडे लागलेले. आत्तींच्या चष्म्याच्या काचा उन्हात लखलखत होत्या. झोळी हलत होती. वाराही सुटला होता.

तिने पुढचे टोपले ओढले. निम्मे झाले असेल नसेल, बाळ रडायला लागले.

आत्ती ओढतील आता, असे म्हणून ती थांबली. रडणे वाढले. तिने बघितले. कुत्र्याचे डोळे तसेच. काचा तशाच. दोरी मात्र सैल लोंबत होती.

साप. एवढेच मनात आले. हातातला घड तिथेच पडला. चिकट हातांनी लुगडे वर धरून ती धावली. मागून रहिमतबी काहीतरी ओरडली, ते तिला ऐकू आले नाही.

बाळ ओले झाले होते. बाकी काही नाही. तिने पाय बघितले, बोटे बघितली, झोळी उलटी करून झटकली. काही नाही. छातीशी धरल्यावर ते उचक्या देत गप्प झाले.

मग तिची नजर हवालदाराकडे गेली. वरचे दोन डोळे सताड उघडे. खालचे दोन मिटलेले. तो गाढ झोपला होता. तिने पायाने ढोसले तसा तो दचकून उठला आणि ओशाळल्यासारखे शेपूट हलवू लागला.

शालनला हसू फुटले.

"बघा आत्ती, तुमचा हवालदार ड्यूटीवर झोपलाय!"

तिने बाळ खांद्यावर घेतले.

"आत्ती?"

चष्मा शेडच्या दिशेला वळलेला होता. शालन वाकली. तिची सावली काचांवर पडली तशी त्यातली चकाकी गेली, आणि पलीकडे बशीएवढ्या मिटलेल्या दोन पापण्या दिसल्या.

तिने एका हाताने चष्मा काढला. नाकावरचे वळ तसेच राहिले. दोरीला दोन वेढे दिलेले होते. उजव्या हाताला.

रहिमतबी धापा टाकत पोचली. "लेकरू बरं हाय नव्हं? बरं हाय नव्हं गं?"

शालनने मान डोलावली. सकाळपासून तिने लिंबाकडे कितीदा बघितले असेल? शंभरदा. त्या वेढ्यांतून बोटे सोडवायला दोघींना बराच वेळ लागला.

या गोष्टीला आणखी शेवट नाही. तुमच्या घरात आत्ता कुणी भिंतीला टेकून शांत बसलेले असेल, चष्मा लावून, तोंड तुमच्याकडे करून, तर हे पान तसेच ठेवा. उठा. दारातून बघू नका. जवळ जा.