असोदा रस्त्यावरचं ओक्लाहोमा

मानवजातीचा इतिहास म्हणजे नव्या जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे सरकत गेलेल्या माणसांचा इतिहास होय, असं रुपचंद सरांनी धरणगावच्या कॉलेजात उभी नोकरी सांगितलं. त्या काळात ते स्वतः जळगावात भाड्याच्या एकाच घरात राहिले, आणि सरकले ते फक्त उन्हाळ्यात, खाटेसकट, पंख्याखाली.

निवृत्तीनंतर त्यांना प्लॉट हवा होता. खरं म्हणजे तो त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना हवा होता. असोदा रस्त्याला योगेंद्रने नवे प्लॉट पाडले होते, आणि तिथे मागच्या कोपऱ्यावर एक कडुनिंब होता. त्या झाडाखाली खाट टाकायची आणि घरमालकाला न विचारता भिंतीत खिळा ठोकायचा, एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं होतं.

योगेंद्र सरांचा जुना विद्यार्थी. रस्त्यालगतच्या प्लॉटांसाठी सगळ्या पाहुण्यांचे फोन यायला लागले, तेव्हा कोणता कोणाला द्यायचा याच्या सल्ल्याला तो आला. सरांनी त्याला ओक्लाहोमा सांगितलं. १८८९ साली लोकांना हद्दीवर उभं केलं, दुपारी बाराला इशारा झाला, घोडे आणि गाड्या सुटल्या. ज्याने आधी खुंटी ठोकली, जमीन त्याची.

"एक नंबर, सर," योगेंद्र म्हणाला. "खुंटीऐवजी झेंडे देऊ. वर माझा फोटो. पण तिथं आधी कोणी राहत नव्हतं का?"

"राहत होते. ते वेगळं प्रकरण आहे. परीक्षेला येत नसे."

असोदा रस्त्यालाही वेगळं प्रकरण होतंच. वेस्ता आणि दगडीबाई कापसाच्या राखणीला सातपुड्यातून आले होते आणि झोपडी बांधून राहिले होते. त्यांना योगेंद्रने नाल्यापलीकडे जायला सांगितलं.

कोकिळाबाई दोंडाईच्याच्या. एसटी लागली की खिडकीतून आधी रुमाल आत जातो आणि मग माणूस दारातून, हे त्या चालायला लागल्यापासून पाहत आल्या होत्या.

"अहो, आदल्या दिवशी रुमाल टाकून येऊ का?"

"कोकिळा, ओक्लाहोमातही काही लोक आधीच घुसून झाडीत लपले होते. इतिहासाने त्यांना लबाड ठरवलं."

"आणि जमीन कोणाला मिळाली?"

सरांनी चष्मा पुसला. "काही लबाडांना मिळाली. पण आपण तसं करायचं नाही."

रविवारी बाराच्या ठोक्याला योगेंद्रने सुतळी बॉम्ब लावला. मोटारसायकली सुटल्या, एक ट्रॅक्टर सुटला. गावातल्या भाईदासने हौसेने आणलेली बैलगाडीही सुटली, पण बैल बुजल्याने गावाकडे. सर पायीच होते. मात्र मोटारसायकली रस्त्याने फिरून येत होत्या आणि सरांनी उपटायच्या राहिलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांतून आडवी वाट धरली. धोतर नव्हतं म्हणून बरं, पँट तेवढी दोन ठिकाणी फाटली. कडुनिंबाखाली ते सगळ्यांच्या आधी पोचले.

तिथे एक रुमाल होता. निळ्या चौकटीचा, वर दगड ठेवलेला.

मागून शर्यतीतला एक जण, कौतिक, मोटारसायकलवर आला. तो रुमाल बघून थांबला. "कोना शे, सर?"

"असेल कुणातरी लबाडाचा."

"बठ्ठीकडे तेच शे," कौतिक म्हणाला. खरंच, नजर जाईल तिथपर्यंत रुमाल, उपरणी, एका ठिकाणी चप्पल आणि एका ठिकाणी पाण्याची अर्धी बाटली. पण कोणीही काही उचललं नाही. बांधावरून इथे डोकी फुटतात, पण टाकलेला रुमाल उचलणं हा हलकटपणा समजला जातो. सरांनी झेंडा काखेत मारला आणि जिथे काहीच टाकलेलं नव्हतं तिथे, अगदी नाल्याच्या काठाशी, नेऊन रोवला.

पलीकडून वेस्ताने हाक मारली, "सर, आम्ही आणखी मागे सरकू का?"

"नको, नको," सर म्हणाले, आणि उगाच झेंडा सरळ करत राहिले.

घरी कोकिळाबाई शेंगा सोलत होत्या. "मिळाला का कोपरा?"

"नाल्याकाठचा मिळाला. कोपऱ्यावर कोणीतरी आधीच रुमाल टाकलेला."

"कसा होता?"

"निळ्या चौकटीचा. एका बाजूला शाईचा डाग."

कोकिळाबाईंचे हात थांबले. रागावल्या की त्या माहेरच्या बोलीत जात. "तो तुमना रुमाल शे. काल फिराले गयथू, तवय मीच टाका. रोज खिसामा लई फिरतस, वळखता नही उना?"

सरांनी खिसा चाचपला. मग आयुष्यभर शिकवलेलं सगळं बाजूला ठेवून योगेंद्रला फोन लावला आणि कोपऱ्यावरचा लबाड आपणच आहोत, सबब प्लॉट आपला आहे, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं.

योगेंद्रने आदराने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तो ओशाळून म्हणाला, "सर, तुम्ही नकाशा बघितला असेल असं मला वाटलं."

तो कोपरा प्लॉटच नव्हता. तिथे विजेची डीपी बसणार होती.